कळमनुरीच्या बरडावरचे भोवते

दसरा झाला, सोयाबीनची रास घरात आली आणि हरभऱ्याच्या पेरणीची धांदल उडाली की आमच्या कळमनुरी तालुक्यात परदेशचे पाहुणे उतरू लागतात. त्यांचे पत्र येत नाही, सांगावा येत नाही. एखाद्या सकाळी तुम्ही धुऱ्यावर उभे असता आणि उताराच्या गवतावरून, जेमतेम पुरुषभर उंचीवर, लांब पंखांचा एक पक्षी तरंगत येताना दिसतो. दोन-चार वेळा पंख हलवतो, मग ते थोडे वर उचलून धरतो आणि नुसता तरंगत राहतो. गवतात काही हलले की गर्रकन वळून खाली पडतो. तुम्ही हा पक्षी पाहिलेला आहे आणि 'घार असेल' म्हणून सोडूनही दिलेला आहे. पण ती घार नव्हे. पुस्तकात त्याचे नाव भोवत्या असे दिले आहे, आणि माळाभोवती त्याचे घिरट्या घालणे पाहिले की नाव पटते.

मी शेतीखात्यातला माणूस. परभणीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. झालो आणि तेव्हापासून बोंडअळी, घाटेअळी, बियाणे आणि खते ह्यांतच माझे दिवस गेले. पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याचा नाद नोकरीच्या सुरुवातीलाच लागला. त्या वेळी छत्तीस चित्रांचा रोल असे, तो धुवायला नांदेडला द्यायचा आणि आठ दिवस वाट पाहायची. आता तसे नाही. चित्र काढले की तिथल्या तिथे कॅमेऱ्याच्या पाठीवर दिसते, आणि बघायला आजूबाजूचे चार जण गोळा होतात. ह्या चार जणांमुळेच मला हा लेख लिहावासा वाटला. ते पुढे येईलच.

आधी जागा सांगतो. हिंगोलीहून नांदेडकडे निघालात की वीसेक किलोमीटरवर कळमनुरी लागते. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हा सगळा मुलूख परभणी जिल्ह्यात होता, आणि त्याहीआधी निजामाच्या राज्यात. डॉ. सलीम अली ह्यांनी १९३१-३२ साली हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली तेव्हा आपला मराठवाडा त्या संस्थानाचाच भाग होता. तालुक्यातून कयाधू वाहते. तिच्या काठची जमीन काळीभोर; हळद, केळी, ऊस, जे लावाल ते येते. उत्तरेला मात्र जमीन चढत जाते, काळी माती पातळ होते आणि मुरूम उघडा पडतो. पळस, हिवर, बोर, मधूनच एखादी बाभूळ, आणि सगळीकडे कुसळी व पवन्या गवत. त्या पलीकडे पैनगंगा, इसापूर धरणाचे अफाट पाणी, आणि पाण्यापलीकडे यवतमाळ जिल्ह्यातला पुसद तालुका.

काळी जमीन आणि धरणाचे पाणी ह्यांच्या मधल्या ह्या मुरमाड पट्ट्याला आपण बरड म्हणतो. सातबाऱ्यावर त्याची किंमत नाही, सरकारी नकाशात तो पडीक म्हणून रंगवलेला असतो, आणि सोयरीक जुळवताना मुलीचा बाप 'बरड किती, काळी किती' हे आधी विचारतो. शिकारी पक्ष्यांना मात्र नेमके हेच बरड पसंत पडते. हळदीच्या दाट पिकात वरून उंदीर दिसत नाही, केळीच्या बागेत पंख पसरायला जागा नाही. गुडघाभर गवताचा उघडा माळ त्यांना मोठ्या ताटासारखा दिसत असावा.

भोवत्यांचे तीन-चार प्रकार आपल्याकडे येतात. सर्वांत जास्त दिसतो तो माँटेग्यूचा भोवत्या. नर राखाडी रंगाचा, पंखावर काळी रेघ ओढलेली. मादी तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, उडताना तो पट्टा लांबूनही ओळखू येतो. दुसरा पांढुरका भोवत्या. ह्याचा नर इतका फिका असतो की सकाळच्या धुईतून आला तर धुराचा लोट सरकल्यासारखे वाटते. जगभरात ह्याची संख्या घटत चालली आहे. तिसरा दलदलीचा भोवत्या, तो इसापूरच्या पाणथळ काठाने फिरतो आणि बदकांची झोप उडवतो. सगळ्यांचा चेहरा थोडा घुबडासारखा चपटा असतो. गवताआड न दिसणारी खसखस त्यामुळे त्यांना ऐकू येते. तुम्ही शेळ्या राखताना गवतात पाय घासत चाललात तर त्याला ते केव्हाच कळलेले असते.

हे येतात कुठून? कझाकस्तान आणि त्याच्या आसपासच्या मध्य आशियातल्या गवताळ पठारांवरून. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडतो, उंदीर-किडे जमिनीखाली जातात, तेव्हा हे पक्षी डोंगर-वाळवंटे ओलांडून इकडे उतरतात आणि होळी-पाडव्याच्या सुमारास परत जातात. अंडी-पिल्ले तिकडेच. आपल्याकडे ते फक्त पोट भरायला आणि निजायला येतात, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबासारखे म्हणा हवे तर. वजन म्हणाल तर माँटेग्यूचा नर पाव किलोच्या थोडा वर. एवढ्या वजनाचे पाखरू हजारो कोस येते-जाते, हे मुलांना सांगितले की ती विश्वास ठेवत नाहीत. मग मी त्यांना मिन नावाच्या गरुडाची गोष्ट सांगतो. रशियातल्या पक्षिशास्त्रज्ञांनी काही गरुडांच्या पाठीवर मोबाइलसारखा संदेश पाठवणारी लहान यंत्रे बसवली होती. ही मिन उन्हाळाभर कझाकस्तानात रेंज नसलेल्या माळावर राहिली आणि २०१९ च्या हिवाळ्याआधी थेट इराणात पोचली. साठलेले सगळे संदेश तिथून एकदम सुटले, परदेशातल्या महाग दराने! बिचाऱ्या शास्त्रज्ञांचा रिचार्ज संपला आणि त्यांना लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली. ही गोष्ट सांगितल्यावर मात्र पोरे हसतात, आणि पटतेही.

आता छायाचित्राकडे वळतो. कॅमेरा नवाच हवा असे नाही, पण भिंग लांबचे लागते, चारशे ते सहाशे मिलिमीटरचे. लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडचा कॅमेरा चालेल, त्याचे भिंग चालणार नाही. एवढा खर्च झेपत नसेल तर लांबचे ओढणारा एकसंध कॅमेरा जुन्या बाजारात मिळतो, बसलेल्या पक्ष्यासाठी तो पुरतो. उडत्या भोवत्यासाठी मात्र वेग हवा. पडदा सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात उघडून मिटला पाहिजे, नाहीतर पंखांची नुसती धूसर फडफड येते. मागे उजळ आभाळ असेल तर कॅमेरा फसतो आणि पक्षी कोळशासारखा काळा येतो, तेव्हा उजेड एक पायरी वाढवावा. उलट, तो फिका नर काळ्या नांगरटीवरून जात असला तर एक पायरी कमी करावा, म्हणजे त्याची पिसे जळून पांढरी होत नाहीत. डोळा स्पष्ट आला पाहिजे. पंख थोडे हलले तरी चालते, डोळा हुकला की चित्र गेले.

वेळ सकाळची. डिसेंबरात आमच्याकडे पावणेसातच्या सुमारास दिवस उगवतो. त्यानंतरचे दोन तास सोन्यासारखे. सूर्य आपल्या पाठीशी हवा आणि आपण बसलेले हवे. उभ्याने काढलेल्या चित्रात पक्षी आणि माती एकात एक मिसळतात. बसून काढले की पक्ष्यामागे लांबचा डोंगर येतो आणि पक्षी उठून दिसतो. मी बांधाच्या आडोशाला घोंगडी पांघरून बसतो. गवतावर दहिवर असते, पँट ओली होते, बोटे आखडतात. भाकरी आणि मिरचीचा ठेचा बरोबर असावा, कारण कधी कधी तीन तास काहीच घडत नाही.

शहरातले छायाचित्रकार कापडी आडोसा आणतात, मोटारीच्या खिडकीतून भिंग बाहेर काढतात. आपल्या शेतकऱ्याकडे ह्यापेक्षा चांगले साधन आहे, ते म्हणजे बैलगाडी. माळावरचे पक्षी पिढ्यान् पिढ्या बैलगाडी पाहत आले आहेत, तिच्यापासून त्यांना भय वाटत नाही. जुन्या काळचे शिकारीसुद्धा काळविटाजवळ जायला बैलगाडीचाच उपयोग करीत. गाडीवर कडबा टाकून त्यात बसावे, बैल आपल्या चालीने जाऊ द्यावे, आणि पक्ष्याच्या रोखाने सरळ न जाता तिरके जावे. एखादा बैल मध्येच थांबून शेपटी उडवतो, तेवढे सहन करावे लागते. ट्रॅक्टरही चालतो. रोटाव्हेटर फिरू लागला की उघड्यावर आलेले उंदीर आणि किडे टिपायला कापशी आणि खरुची आपण होऊन मागे येतात. भावाला ट्रॅक्टर चालवू द्या आणि तुम्ही धुऱ्यावर बसा.

कापशी तुम्ही रोज पाहता. तारेवर किंवा बाभळीच्या शेंड्यावर बसलेला, कबुतराहून थोडा मोठा, पांढरा-राखाडी, खांद्यावर काळा डाग आणि डोळे लालभडक. हा परदेशी नव्हे, इथलाच. खरुची त्याहून तांबूस. दोघेही हवेत एका जागी पंख फडफडवत टांगल्यासारखे थांबतात, तेव्हा त्यांचे डोके रेसभरही हलत नाही. चित्रासाठी हा क्षण फार सोयीचा, पळणाऱ्या पक्ष्यामागे भिंग फिरवावे लागत नाही.

ह्या कापशीनेच मला एका आखाड्यावर फार उपयोगी पडणारे एक चित्र दिले. कोंबड्या पाळणाऱ्या एक मावशी तिथे राहतात. मी भिंग रोखून बसलेला पाहून त्या म्हणाल्या, "सायेब, फोटो काय काढता त्याचा? गोफणीनं हाणा त्याला. माझी चार पिल्लं नेली मेल्यानं." तेवढ्यात कापशी खाली झेपावला आणि नखात काहीतरी घेऊन बाभळीवर बसला. मी चित्र काढले, मोठे करून मावशींना दाखवले. नखातून लांब शेपूट लोंबत होते. मावशींनी कॅमेरा दोन्ही हातांनी धरला, डोळ्यांजवळ नेला, आणि म्हणाल्या, "अगं बया, हा तर उंदीर हाय! मंग माझी पिल्लं कोण नेतंय?"

प्रश्न बरोबर होता आणि त्याला खरे उत्तर द्यायला हवे होते. शिक्रा पिल्लू नेतो, घारही नेते. मुंगूस आणि रानमांजर तर नेतातच. ह्यांना कोणी साधू समजू नये. पण म्हणून वाकड्या चोचीच्या प्रत्येक पाखरावर गोफण चालवली तर पिल्ले वाचत नाहीत, उंदीर मात्र वाचतात. पिल्ले पंधरा-वीस दिवसांची होईपर्यंत डालग्याखाली ठेवावीत, बाहेर सोडली तर काटेरी कुंपणाच्या आडोशाला सोडावीत. कायद्याचे म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ह्या सगळ्या शिकारी पक्ष्यांना मारणे गुन्हा आहे. पण मावशींना कायद्यापेक्षा त्या लोंबत्या शेपटीने पटवले. त्या चित्राची एक प्रत त्यांनी मागून घेतली आणि देवाच्या फळीजवळ चिकटवली आहे.

कॅमेरा नसेल तरी ह्या पक्ष्यांनी काय खाल्ले ते कळते. घुबडे आणि शिकारी पक्षी न पचलेले केस, पिसे, हाडे ह्यांची गोळी करून तोंडावाटे टाकून देतात. जुन्या विहिरीच्या कपारीखाली, पडक्या वाड्यात गव्हाणी घुबड बसते त्या जागी ह्या गोळ्या हमखास सापडतात. शाळेतल्या मुलांनी एक गोळी पाण्यात भिजवावी आणि काडीने उकलावी. उंदराचे जबडे, पिवळे-नारिंगी पुढचे दात आणि बारीक फासळ्या निघतात. एका गोळीत दोन-दोन तीन-तीन कवट्या सापडतात. कापशी-भोवत्यांच्या गोळीत हाडे कमी मिळतात, कारण ते घुबडापेक्षा हाडे जास्त पचवतात, पण केस आणि नाकतोड्यांच्या तंगड्या मिळतात. नंतर हात साबणाने धुवावेत, हे बायाबापड्यांनी मुलांना बजावून सांगावे.

आम्ही शेतीखात्यातली माणसे हरभऱ्यात पक्षीथांबे लावा म्हणून सांगतो. इंग्रजी टी अक्षरासारखी दोन काठ्यांची ती रचना तुम्ही पाहिली असेल. त्यावर दिवसा कोतवाल, साळुंकी बसून घाटेअळी टिपतात, रात्री पिंगळा बसतो. चांगल्या उंच थांब्यावर कापशीही बसतो. फुकटचा राखणदार आहे. मात्र त्याच शेतात आपण उंदरांसाठी विषाच्या पुड्या उघड्यावर टाकतो. झिंक फॉस्फाईड म्हणा किंवा ब्रोमॅडिओलोन म्हणा, विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो लडखडत उघड्यावर येतो आणि पक्ष्याला सोपा सापडतो. ब्रोमॅडिओलोन तर उंदराच्या अंगात टिकून राहते, आणि असे उंदीर खाऊन घुबडे व शिकारी पक्षीही मरतात. म्हणून विषाचे आमिष जिवंत बिळाच्या आत टाकून बीळ चिखलाने बुजवावे, दुसऱ्या दिवशी मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत. कुत्री-मांजरे वाचतील, ते वेगळेच.

ह्याहून मोठी गोष्ट नाकतोड्यांची आहे. भोवत्यांच्या आहारात आपल्याकडे नाकतोड्यांचा वाटा फार मोठा असतो. म्हणजे आपण नाकतोड्यांवर जे फवारतो ते त्यांच्या पोटात जाते. १९९५-९६ सालच्या मोसमात दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिना देशात असेच घडले. अमेरिकेतले एक जातीचे ससाणे हिवाळ्यात तिकडे उतरतात, आपल्या भोवत्यांसारखेच, आणि नाकतोडेच खातात. तिकडच्या शेतकऱ्यांनी लसूणघास आणि सूर्यफुलावरचे नाकतोडे मारायला मोनोक्रोटोफॉस फवारले. काही आठवड्यांत सुमारे पाच हजार ससाणे शेतांत आणि झाडांखाली मरून पडलेले मोजले गेले, न मोजलेले त्याहून पुष्कळ होते. उत्तरेतल्या गावांना त्यांचे नेहमीचे पक्षी उन्हाळ्यात परत का आले नाहीत, ह्याचा उलगडा तेव्हा झाला. नंतर तिथल्या सरकारने नाकतोड्यांवर ते औषध वापरणे बंद केले, आणि पुढच्या वर्षांत तसे ढीग पुन्हा पडले नाहीत.

ते औषध तुमच्या ओळखीचे आहे. आपल्याकडे कपाशीवर, तुरीवर ते वर्षानुवर्षे फवारले गेले. भाजीपाल्यावर त्याला पूर्वीच बंदी होती. २०२३ साली केंद्र सरकारने ३६ टक्क्यांच्या द्रव मोनोक्रोटोफॉसची विक्री थांबवण्याचा आदेश काढला आणि शिल्लक साठा संपवायला एक वर्षाची मुदत दिली. कुणाच्या गोठ्यात, माळ्यावर जुनी बाटली पडलेली असेल तर ती 'वाया कशाला घालवायची' म्हणून फवारू नका. २०१७ साली पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते तुम्ही विसरला नसाल. पक्ष्यासाठी नको तर फवारणाऱ्या पोरासाठी तरी ती बाटली बाजूला ठेवा.

आणि गिधाडे आठवतात का? चाळिशी उलटलेल्या वाचकांनी गावाबाहेर ढोर ओढून टाकले की आभाळातून उतरणारी गिधाडे पाहिली आहेत. त्यांच्या मुलांनी ती फक्त चित्रात पाहिली. जनावरांना ताप-सूज उतरायला देत होतो त्या डायक्लोफेनॅक इंजेक्शनाने, औषध दिलेल्या मेलेल्या जनावराचे मांस खाऊन, ती संपली. कारण २००४ साली सापडले, २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद झाले, पण तोवर शंभरातली पंच्याण्णवाहून जास्त गिधाडे गेली होती. माझ्याकडे रोलच्या जमान्यातले गिधाडाचे एकही चित्र नाही. तेव्हा ती इतकी होती की कुणाला त्यांच्यावर रोल खर्च करावासा वाटत नसे.

आता ज्या गायरानावर मी बसतो त्याविषयी. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, का ते कळेलच. बरडाच्या माथ्यावर हे गायरान आहे. भोवत्यांची एक खोड अशी की ते झाडावर निजत नाहीत. दिवस मावळायच्या अर्धा तास आधी चारी दिशांनी एकेक करून येतात, गवतावर फेऱ्या घालतात आणि उंच गवतात जमिनीवरच उतरतात. दहा-दहा, वीस-वीस एकाच पट्ट्यात, हातभर अंतर ठेवून रात्र काढतात. गवत उभे असेल तर कोल्ह्याची चाहूल लागते आणि वाराही लागत नाही. गवत कापले किंवा जाळले तर दुसऱ्या दिवसापासून तिथे एकही दिसत नाही. असे उंच गवताचे सलग पट्टे आता तालुक्यात शोधावे लागतात.

दोन हिवाळ्यांपूर्वी कुणीतरी त्या जागेची बातमी बाहेर पोचवली. एका संध्याकाळी दोन जीपगाड्या आल्या आणि पक्षी उतरत असताना गवतातूनच फिरल्या. उडालेल्या पक्ष्यांची चित्रे फार सुंदर आली असतील, मला शंका नाही. पण अंधार पडेपर्यंत पक्षी वर घिरट्या घालत राहिले. गायरानाला लागून एका म्हाताऱ्या बाबांचे शेत आहे. ते काठी घेऊन पुढे झाले. "काहून झोपमोड करता हो पाखरांची? तुमच्या घरात रातच्याला कुणी गाडी घातली तर चालंल का?" गाड्या निघून गेल्या. बाबा रात्रभर तिथेच शेकोटीपाशी बसले. सकाळी त्यांनी मोजले तेव्हा नऊ पक्षी उठले, आदल्या आठवड्यात तेवीस होते.

माझे मत स्पष्ट आहे. निजायच्या जागेवर चित्र काढूच नये. दिवसभर हा पक्षी उघड्यावर शिकार करीत असतो, तेव्हा हवी तेवढी काढावीत. पिंजऱ्यातला उंदीर सोडून पक्षी जवळ बोलावणे, घरट्याजवळ फांद्या तोडून उजेड करणे, असले प्रकार काही जण करतात. अशांना आपल्या शेतात पाऊल टाकू देऊ नये. शेत तुमचे, बांध तुमचा, तेव्हा अटीही तुमच्या. आलेल्या पाहुण्याला चहा पाजा, बैलगाडी द्या, गाडीचे भाडे घ्या, त्यात संकोच कसला? हुरड्याला येणाऱ्यांकडून आपण पैसे घेतोच की. अभयारण्याच्या हद्दीत मात्र तुमची-आमची परवानगी चालत नाही, तिथे वनखात्याकडेच जावे लागते.

मागच्या वर्षी त्याच गायरानावर झाडे लावायची योजना आली. झाडे लावणे पुण्याचे काम, त्याला नाही कोण म्हणणार? खड्ड्यांची आखणी झाली, माथ्यापासून पायथ्यापर्यंत. ग्रामसभेत गुराख्यांनी चराईचे विचारले, बायांनी सरपणाचे विचारले. बाबा उठले आणि म्हणाले, माथ्यावर फूटभर खाली कातळ आहे, तिथे लिंब काय बाभूळही धरत नाही, आधी दोनदा लावून वाळली आहेत. हे खरे होते, मातीचा अभ्यास असल्याने मीही तेच सांगितले. मग मी भोवत्यांची चित्रे दाखवली. भिंतीवर पांढरे धोतर लावून त्यावर पाडली. पांढुरका नर गवतावरून येतो, त्याच्या नखात नाकतोडा आहे, असे एक चित्र होते. मागून कुणीतरी म्हणाले, "हे तर आपलंच गायरान!" ते कझाकस्तानाहून येते हे सांगितल्यावर एका पोराने त्या देशाला जायला भाडे किती पडते ते विचारले. सभा हसली, आणि वाद तासभर चालला. एका तरुणाने सरळ सांगितले की गवत राखून त्याच्या घरात काय येणार? त्याचेही चुकत नव्हते, त्याच्या दोन म्हशींना वैरण लागते.

शेवटी असे ठरले. खड्डे ओढ्याच्या अंगाला, जिथे माती आहे तिथे घ्यायचे. माथ्यावरचे दहा एकर गवत होळीपर्यंत उभे ठेवायचे, जाळायचे नाही. होळीनंतर, पक्षी गेले की, म्हशीवाल्यांनी घरटी पाळी लावून ते कापून न्यायचे. तोवरच्या वैरणीसाठी खालच्या पट्ट्यात मारवेल लावायचा, त्याची ठोंबे मी मिळवून दिली. पवन्या वाळला तरी जनावरे खातात, कुसळीचे तसे नाही, तिची कुसळे तोंडाला टोचतात. म्हणून कुसळी वाढली आहे तिथे कापणी आधी करायला बाबांनी हरकत घेतली नाही, फक्त निजण्याचा पट्टा सोडून.

ह्या हिवाळ्यात मार्गशीर्षाच्या शेवटी मोजले तेव्हा सतरा पक्षी निजायला उतरले, त्यांत पांढुरके नर तीन. तुम्हाला यायचे असेल तर पौष-माघात या, सकाळी या. गाडी कळमनुरीच्या पुढे गावाच्या वेशीवर ठेवावी लागेल, तिथून बैलगाडी मिळते. संध्याकाळी पाच वाजले की बाबा सगळ्यांना माळावरून खाली पाठवतात, मलासुद्धा.